स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड निवडताना: आधी पीसी तपासा, मग कार्ड

बजेट कमी असलं की ग्राफिक्स कार्ड निवडताना चुकायला जागा उरत नाही. महागड्या कार्डाच्या बाबतीत एखादा अंदाज हुकला, तरी त्याची ताकद ती चूक झाकून टाकते. स्वस्त कार्डात मात्र मेमरी थोडी कमी पडली, बोर्डवरचा स्लॉट जुन्या पिढीचा निघाला किंवा एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) एक केबल नसली, एवढ्यानेही सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून कार्डांच्या याद्या उघडण्याआधी तासभर हातातल्या पीसीवर घालवावा.

नेमकं अडतंय कुठे

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर ही कार्डावर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर टाका. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) वापर, तापमान, क्लॉक (चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर वेगवेगळा दिसेल असं लावून घ्या. व्ही-सिंक (फ्रेमरेट मॉनिटरशी जुळवून रोखणारी सेटिंग) आणि फ्रेमरेटची मर्यादा बंद करा, नाहीतर सगळे आकडे फसवे येतात. मग गेममधल्या सगळ्यात जड भागात, म्हणजे गर्दीच्या शहरात किंवा मोठ्या लढाईत, दहा मिनिटं खेळा.

जीपीयूचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्डच कमी पडतंय. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि फ्रेमरेट तरीही हवा तेवढा नाही, तर अडचण बहुतेक प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. इथे टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का पाहून निष्कर्ष काढू नका. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा फक्त ८ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि बऱ्याच गेमचा मुख्य भार एकाच थ्रेडवर पडतो.

खात्री करायची सोपी पद्धत अशी: बाकी सेटिंग्ज तशाच ठेवून फक्त रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. फ्रेमरेट भरपूर वाढला तर कार्ड अडवत होतं. जेमतेम हलला तर प्रोसेसर. ७२०पीवर मिळालेला तो आकडा लिहून ठेवा, कारण त्या गेममध्ये या प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण तीच आहे. कितीही भारी कार्ड लावलं तरी त्याच्या फार वर जाता येणार नाही. पुढे किमतीचा हिशेब करताना हा आकडा लागणार आहे.

याच वेळी दोन फुकटच्या गोष्टी पाहून घ्या. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरीच्या पानावर रॅम ड्युअल चॅनेलमध्ये (दोन पट्ट्या जोडीने) चालतेय का, आणि बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू आहे का. एकच रॅमची पट्टी असेल तर तशीच दुसरी पट्टी टाकल्यावर फ्रेमरेट बऱ्यापैकी सुधारतो आणि खर्च कार्डाच्या तुलनेत किरकोळ असतो. दुसरं म्हणजे जुनं कार्ड तापून क्लॉक खाली पाडत असेल, तर धूळ काढून थर्मल पेस्ट बदलल्यावर हरवलेला वेग परत मिळतो. त्यातूनच काम भागलं तर कार्ड घ्यायची घाई नाही.

मॉनिटर

१०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. ४के तर १०८०पीच्या चौपट. १०८०पी ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी १४४०पीच्या लायकीचं कार्ड घेणं म्हणजे तुटपुंज्या बजेटात न वापरायची ताकद विकत घेणं. मॉनिटर लवकरच बदलणार असाल तर मात्र नव्या मॉनिटरचा विचार करूनच कार्ड घ्या. मागच्या सॉकेटकडेही एकदा पाहा: आजच्या बहुतेक कार्डांवर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर आत चिप असलेलं अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतं. साध्या पिना जुळवणाऱ्या जोडणीने चित्र येणार नाही.

एसएमपीएस: लेबलवरचा कोणता आकडा वाचायचा

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बाजूला ठेवा. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. ३८ अँपिअर असतील तर ४५६ वॅट, म्हणजे ५०० वॅटच्या एसएमपीएससाठी ठीक. पण '५०० वॅट' म्हणवणाऱ्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला २५ अँपिअरच लिहिले असतील, तर तुमच्या कामाचा तो ३०० वॅटचाच आहे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात.

कार्डाला वीज कुठून मिळते त्याचा हिशेब ठरलेला आहे. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, ६-पिन केबलमधून ७५, ८-पिनमधून १५०. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि एएमडी त्यासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि एनव्हिडिया ५५० वॅट सांगते. कंपन्या हे आकडे निकृष्ट एसएमपीएस धरून थोडे चढवूनच देतात. चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा एसएमपीएस ही दोन्ही कार्डं आरामात चालवतो. उलट, नाव नसलेल्या ६०० वॅटच्या डब्यावर विश्वास ठेवू नये. कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि अशा वेळी कमजोर एसएमपीएस पीसी सरळ बंद करतो. निळी स्क्रीन न येता, कसलाही संदेश न देता भर गेममध्ये पीसी बंद किंवा रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

केबलच्या बाबतीत तीन गोष्टी जपा. साटा जोडणीतून ६-पिन काढणारे कन्व्हर्टर वापरू नका. साटाच्या १२ व्होल्टच्या पिनांमधून ५४ वॅटच मिळतात, त्यामुळे ७५ वॅट ओढले तर प्लास्टिक वितळू शकतं. मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्याही एसएमपीएसला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी असते आणि चुकीची केबल लावली तर बोर्ड, डिस्क, कार्ड काहीही जळू शकतं. आणि प्रोसेसरची ८-पिन केबल ४+४ अशी विभागलेली असते, तर कार्डाची ६+२ अशी. दोन्ही दिसायला सारख्या, पण ध्रुवता उलटी. एखादी केबल बसायला जोर मागत असेल तर ती चुकीची आहे असंच समजा.

स्लॉट, लेन आणि जागा

बजेट कार्डांमध्ये कंपन्या लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातले माहितीचे रस्ते) कापतात, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०५०, आरटीएक्स ४०६०, आर्क बी५८० ही सगळी कार्डं एक्स१६ (१६ लेनच्या स्लॉटच्या) लांबीची दिसत असली तरी आतून फक्त ८ लेन वापरतात. पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटचं मानक) ४.० वर ८ लेनमधून सेकंदाला सुमारे १५.८ जीबी जातात, ३.० वर त्याच्या निम्मे. बी४५० सारखा बोर्ड किंवा रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर असेल तर स्लॉट ३.० वरच चालणार. व्हीरॅम पुरत असेपर्यंत याचा तोटा फार होत नाही. व्हीरॅम भरली की मात्र कार्ड पीसीच्या रॅममधून माहिती ओढू लागतं आणि हा अरुंद रस्ता तुंबतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण: ४ जीबी मेमरी, फक्त ४ लेन, वर रेकॉर्डिंगसाठी लागणारा व्हिडिओ एन्कोडरही नाही. ३.० च्या बोर्डवर ते घेऊच नये. त्याच न्यायाने ३.० च्या बोर्डसाठी ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळणाऱ्या कार्डाचं १६ जीबीचं रूप जास्त शहाणपणाचं ठरतं.

कार्ड नेहमी प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये लावायचं. खालचा स्लॉट तेवढाच लांब असला तरी बऱ्याच बोर्डांवर त्याला चिपसेटमधून ४ लेनच मिळतात.

जागा मोजताना कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजा, पुढच्या पत्र्यापर्यंत नाही. जाडी दोन स्लॉट की अडीच, हेही पाहा. अडीच स्लॉटचं कार्ड खालच्या साटा किंवा यूएसबीच्या जोडण्यांवर बसतं. वीजकेबल वरच्या बाजूला वळायला तीनेक सेंटीमीटर लागतात, नाहीतर कॅबिनेटचं झाकण तिच्यावर दाबलं जातं.

नाव एकच, कार्ड दोन

स्वस्त कार्डांत सर्वाधिक फसवणूक नावातच असते, आणि ती अधिकृत असते. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं मूळ कार्ड १९२ बिटच्या बसचं (बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता), सेकंदाला ३६० जीबी मेमरी वेगाचं. ८ जीबीचं त्याच नावाचं कार्ड १२८ बिटचं, २४० जीबीचं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ८ जीबीच्या रूपापेक्षा कमी कोअरचं (गणित करणाऱ्या बारक्या एककांचं) आणि ९६ बिटचं आहे. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीच्या रूपात मेमरीच नाही तर कोअरही कमी. जीटी १०३० तर डीडीआर४ मेमरीसहही विकलं गेलं, ज्याचा मेमरी वेग जीडीडीआर५ रूपाच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. आरएक्स ५८० च्या नावापुढे '२०४८एसपी' दिसलं तर ते खरं ५८० नाही. खऱ्यात २३०४ शेडर, म्हणजेच कोअर, असतात. थोडक्यात, मेमरी किती, बस किती बिटची आणि कोअर किती, हे तीन आकडे त्याच रूपाचे जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मेमरी किती असावी? १०८०पीसाठी आज ८ जीबी ही किमान पातळी धरावी. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर अल्ट्रावर ठेवले की ८ जीबी भरतात आणि गेम अडखळतो किंवा भिंती-कपड्यांवरचे पोत धूसरच राहतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणले की बहुतेक वेळा काम भागतं, आणि टेक्स्चर कमी केल्याने दिसण्यात फरक पडला तरी जीपीयूच्या वेगावर जवळजवळ परिणाम नसतो. म्हणून ८ जीबीचं कार्ड टाकाऊ नाही, पण चार-पाच वर्षं वापरायचं असेल किंवा १४४०पी हवं असेल तर १२ किंवा १६ जीबीच घ्या. आफ्टरबर्नरमधला व्हीरॅमचा आकडा गेमने राखून ठेवलेल्या मेमरीचा असतो, त्यामुळे तो भरलेला दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. सोबत फ्रेम अडखळतायत का ते पाहा.

डीएलएसएस (एनव्हिडियाचं) आणि एफएसआर (एएमडीचं) या लहान चित्र मोठं करणाऱ्या तंत्रांवर किती भिस्त ठेवायची, हा वादाचा मुद्दा आहे. क्वालिटी मोडमध्ये १४४०पीचं चित्र ९६०पीवर काढून मोठं केलं जातं आणि ते चांगलं दिसतं. १०८०पीचं चित्र मात्र ७२०पीवरून येतं, तिथे मूळ माहितीच कमी असल्याने एफएसआरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पानं, तारा, केस थरथरतात. डीएलएसएस आरटीएक्स कार्डांवरच चालतं आणि १०८०पीला त्याचा निकाल जास्त स्वच्छ असतो. एफएसआर ४ अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठी आहे. फ्रेम जनरेशनचे (मधल्या फ्रेम तयार करून भरणाऱ्या तंत्राचे) आकडे तुलनेत धरूच नका. मूळ ३० फ्रेमवर त्याने ६० दाखवले तरी माउसचा प्रतिसाद ३० चाच राहतो, आणि ते स्वतःही व्हीरॅम खातं.

मग कोणतं?

एसएमपीएसला कार्डाची केबलच नाही, ऑफिसचा बारका पीसी आहे, अशा ठिकाणी आरटीएक्स ३०५० ६ जीबी हा सर्वांत निर्धास्त पर्याय. ७० वॅटमध्ये चालतं, बाहेरून वीज लागत नाही, आणि कमी उंचीच्या रूपातही मिळतं. आरएक्स ६४०० ५३ वॅटचं असलं तरी ४ लेनचं आहे, आणि ऑफिसचे जुने पीसी नेमके पीसीआयई ३.० चे असतात.

एक ८-पिन केबल आणि साधा १०८०पी मॉनिटर असेल तर आरएक्स ६६०० वर्षानुवर्षं हिशेबाला बसत आलंय. आरटीएक्स ३०६० १२ जीबी वेगात त्याच्या आसपास, मेमरीत पुढे, पण १७० वॅटचं. आरटीएक्स ४०६० या दोघांपेक्षा वेगवान आणि थंड. त्याच्या वर १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी सुमारे १६० वॅटमध्ये १६ लेनसह येतं, त्यामुळे जुन्या बोर्डवरही ते अडत नाही. १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय त्याच वर्गातलं, ८ लेनचं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडतं, पण रीसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या बायोसमधल्या सोयीशिवाय) ते घेऊ नका, आणि प्रोसेसर जुना असेल तर ड्रायव्हरचा भार त्याच्यावर जास्त पडून फ्रेम गळतात.

जीटीएक्स १०७० किंवा १०८० सेकंडहँडमध्ये स्वस्त दिसली तरी सोडून द्या. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेचे गेम-रेडी (नव्या गेमसाठीचे) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट येतात. शिवाय 'डूम: द डार्क एजेस' सारख्या गेमला रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असलेलंच कार्ड लागतं, सेटिंग कमी करून सुटका नाही. या कारणाने आरएक्स ५७०० एक्सटीही आता मागे पडलंय.

किंमत तोलताना दर फ्रेमचा खर्च काढा, पण प्रोसेसरची मर्यादा लक्षात ठेवून. समजा पहिल्या कार्डाची किंमत १०० आणि तुमच्या गेममध्ये चाचण्यांनुसार ६० फ्रेम, दुसऱ्याची १२५ आणि ८४ फ्रेम. दर फ्रेमला १.६७ विरुद्ध १.४९, म्हणजे दुसरं सरस. पण तुमच्या प्रोसेसरचा ७२०पीचा आकडा ७० आला असेल तर दुसरंही ७० च्या आसपासच थांबेल आणि दर १.७९ होईल. दुसऱ्यासाठी ३० चा नवा एसएमपीएस लागत असेल तर ८४ फ्रेम धरूनही तो १.८५ पडतो. जुन्या कार्डापेक्षा निदान ४०-५० टक्के वाढ मिळत नसेल तर थांबलेलं बरं. त्याहून कमी फरक आकड्यांत दिसतो, खेळताना फारसा जाणवत नाही.

सेकंडहँड कार्ड तपासताना

इथूनच सर्वांत जास्त किफायत होते आणि सर्वांत जास्त फसगतही. पैसे देण्याआधी कार्ड चालू पीसीवर पाहायचंच. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा: जुन्या चिपवर खोटा बायोस चढवून नव्या नावाने विकलेलं कार्ड ते बरेचदा ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असा शिक्का दाखवतं. मेमरी, बस आणि शेडरचे आकडे वर म्हटल्याप्रमाणे जुळवा. मग पंधरा मिनिटं फरमार्क किंवा युनिजिन सुपरपोझिशन ही कार्डावर भार टाकणारी चाचणी चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे किंवा चौकोन चमकले तर मेमरी बिघडलेली आहे. किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. तापमानात हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) आणि जीपीयूच्या आकड्यांत २५-३० अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेलं नाही. हे दुरुस्त होतं, पण त्याची किंमत वजा करून मागा. ओसीसीटीमधली व्हीरॅमची चाचणी वेळ असेल तर चालवाच.

पंखे बंद असताना बोटाने हलकेच फिरवून पाहा. खरखर किंवा डगमग म्हणजे बेअरिंग गेलं. सगळ्या एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट जोडण्या एकेक करून लावा. स्लॉटच्या सोनेरी पट्टीजवळ, विशेषतः स्लॉटच्या खटक्यात अडकणाऱ्या हुकापाशी, बोर्डला बारीक तडा नाही ना ते उजेडात पाहा. जड कार्ड आधाराशिवाय लटकवून ठेवलं की तिथेच तडा जातो.

क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड म्हणजे आपोआप खराब असं नाही. मायनर बहुतेकदा वीज कमी करून स्थिर भारावर चालवतात, त्यामुळे चिप सहसा ठीक असते. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. पी१०६-१०० सारखी कार्डं मात्र टाळा, त्यांना मॉनिटर लावायची जोडणीच नाही.

बसवणं

आधी बोर्डचा बायोस नव्या आवृत्तीवर आणा. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल आणि रीसायझेबल बार सुरू करायचं असेल, तर सीएसएम (बायोसमधली जुन्या पद्धतीची सोय) बंद करण्याआधी डिस्क जीपीटीमध्ये (डिस्कच्या नव्या मांडणीत) बदलावी लागते. विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी हे काम माहिती न पुसता करतं, तरी महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवा. उलट क्रमाने केलं तर विंडोज सुरूच होणार नाही. तेव्हा सीएसएम पुन्हा चालू केलं की मार्गावर येतं.

कार्डाची कंपनी बदलत असेल तर नवे ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर साफ करणारं सॉफ्टवेअर) चालवून जुने ड्रायव्हर काढा आणि पीसी बंद करा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. जुन्या कार्डाचे स्क्रू काढा, केबल काढा, स्लॉटचा खटका दाबूनच कार्ड सरळ वर ओढा. नवं कार्ड खटक्याचा आवाज येईपर्यंत बसवा, स्क्रू आवळा, मग वीजकेबल पूर्ण आत ढकला. दोन ८-पिन जोडण्या असतील तर दोन वेगळ्या केबल वापरा, एकाच केबलचे दोन फाटे नको.

पीसी सुरू झाला पण चित्र नाही? मॉनिटरची केबल बोर्डच्या सॉकेटमध्ये राहिलीय का पाहा, निम्म्या वेळा तेच निघतं. नसेल तर वीजकेबल, मग कार्ड पुन्हा काढून बसवा. फार जुन्या बोर्डवर बायोसमध्ये पीसीआयईची पिढी स्वयंचलित न ठेवता ३.० वर टाकल्यानेही कधीकधी चित्र येतं.

ड्रायव्हर टाकल्यावर जीपीयू-झेडमध्ये लेन आणि पिढी पाहा, पण कार्डावर भार असताना. रिकामं असलं की वीज वाचवायला ते स्वतःच पिढी खाली आणतं. भार टाकण्यासाठी त्याच रकान्याशेजारच्या प्रश्नचिन्हात चाचणी दिलेली आहे. मग सुरुवातीला मोजलेला तोच भाग त्याच सेटिंगवर पुन्हा खेळा. सरासरी वाढली पण सर्वांत वाईट १ टक्का फ्रेम तिथेच राहिल्या, तर अडचण रॅम किंवा प्रोसेसरची आहे. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५-९० टक्क्यांवर आणून पाहा: फ्रेमचा तोटा सहसा जेमतेम, पंख्याचा आवाज मात्र स्पष्ट कमी. हे सगळं कार्ड परत करायची मुदत संपण्याआधी उरका, आणि तोपर्यंत खोकं फेकू नका.